अडाकूचे पिकलेले केस

न्वाफोने वस्तरा टेकवला तशी अडाकूने मान काढून घेतली. “केस राहू दे,” ती म्हणाली. “पिकलेल्यांना तर हातच लावू नकोस.”

सोकारीच्या आवारात न्वाफो सकाळपासून माणसं भादरत होता. सोकारी हा पश्चिम आफ्रिकेतल्या बॉनीच्या खाडीवरचा बडा व्यापारी. आतल्या मुलखातून धरून आणलेली माणसं तो गोऱ्यांच्या जहाजांना विकायचा. विक्रीच्या दिवशी म्हातारं तरुण दिसावं आणि आजारी धडधाकट दिसावं, हे न्वाफोचं काम. तो स्वतःही असाच धरून आणलेला. वस्तऱ्यावर हात चांगला बसलाय म्हणून सोकारीने ठेवून घेतला होता. डोकं, भुवया, छाती, जिथे पांढरा केस दिसेल तिथे सफाचट करायचं आणि वरून पामतेल चोळायचं. पन्नाशीचं माणूस तिशीचं दिसू लागे. या कामात तो तरबेज होता आणि त्याची त्याला लाज वाटायची.

अडाकू त्याच्याच बोलीत बोलत होती. तिची लेक पहिलटकरीण. बाळंत होऊन चार दिवस झाल्याचा निरोप आला, तशी ही सुकी मासळी आणि मिरी बांधून निघाली. बाळंतिणीला शेकायचं आणि तिखट कढण पाजायचं ते आईनेच, अशी त्यांच्याकडची रीत. वाटेत चौघांनी धरलं. त्याला आज अठरा दिवस झाले होते.

“सासू आंधळी आहे तिची,” अडाकू म्हणाली. “पोरीच्या अंगावर गरम पाणी कोण घालणार? म्हातारीला गोरा घेत नाही म्हणतात. नाही घेतलं की मी आपली घरी जाईन.”

“घरी कसली जातेस, मावशी?”

“का? बाजारात शेळी खपली नाही तर मालक काय करतो? परतच नेतो ना?”

न्वाफोने सोकारी कुठे आहे ते पाहिलं आणि आवाज खाली करून तिला सगळं सांगितलं. नाकारलेल्यांना कोणी परत नेत नाही. प्रवाहाविरुद्ध इतके दिवस वल्ही मारायची आणि वर खायलाही घालायचं, हे सोकारीला परवडत नाही. होडी खारफुटीच्या पलीकडे जाते. तिथे माना कापतात. मागच्या खेपेला होडी त्यानेच धुतली होती.

अडाकूने त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि ती हसली. “माणूस खपलं की तुला मासा मिळतो, होय ना? खा बाबा, सुखाने खा. पण मला बनवू नकोस.”

मासा मिळायचा हे खरंच होतं. न्वाफोने दोघांना तिचे हात धरायला लावले आणि तिला भादरली. एक पांढरा केस म्हणून ठेवला नाही. तेलही नेहमीच्या दुप्पट चोळलं. ती त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती आणि त्याला मात्र हायसं वाटत होतं, कारण ती आता पस्तिशीची दिसत होती. जहाजावर नेऊन गोरे माणसांना खातात असं सगळेच म्हणत. खरंखोटं त्याला माहीत नव्हतं. होडीचं मात्र माहीत होतं.

दुपारी गोरा डॉक्टर किनाऱ्यावर उतरला. त्याने जबडे उघडून पाहिले, पोटं दाबली, मग एकेकाला उड्या मारायला लावल्या. अडाकूपाशी आला तेव्हा तो खूश दिसला. पहिल्या दोन उड्या तिने झकास मारल्या. तिसऱ्या उडीला गुडघा धरून कोसळली आणि उठली ती पाय फरफटवतच. डॉक्टरने तिला हातानेच बाजूला व्हायला सांगितलं.

न्वाफो धावत सोकारीकडे गेला. बाई नाटक करते आहे, पाय धड आहे, सकाळी चांगली चालत होती, असं तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. सोकारीने डॉक्टरला हाक मारून पाहिली. डॉक्टर पुढच्या माणसाचे दात तपासत होता, त्याने वळूनही पाहिलं नाही. सोकारीने न्वाफोच्या कानाखाली वाजवली.

“तेल फुकट घालवलंस,” तो म्हणाला.

नाकारलेली चार माणसं होडीकडे निघाली. अडाकू सगळ्यांत पुढे होती. डॉक्टर पाठमोरा होताच तिने लंगडणं सोडून दिलं. होडीत दोघे आधीच बसले होते, कोयते मांडीवर घेऊन. तिने त्यांच्याकडे लक्षही दिलं नाही.

न्वाफोपाशी येऊन ती थांबली. तिचा राग कुठच्या कुठे गेला होता. आता उलट तिला त्याचीच कीव येत होती.

“सकाळी फार बोलले रे तुला,” ती म्हणाली. “मी सुटले, तू बिचारा इथेच अडकलास. गाव कुठलं तुझं? आई आहे का? जाता जाता निरोप देईन.”

होडीतले दोघे घाई करत होते. ओरडून सांगावं, पळ म्हणावं, असं न्वाफोला वाटलं. पण पळणार कुठे? पुढे पाणी होतं आणि मागे सोकारीची माणसं. शिवाय ती हसत होती. गेल्या अठरा दिवसांत ती अशी हसली नसणार.

“उमुएझे,” तो म्हणाला. “आईचं नाव ओलान्मा. सांग, मी बरा आहे.”

“उमुएझेची ओलान्मा,” ती म्हणाली, आणि विसरू नये म्हणून तेच पुटपुटत होडीत चढली.