वेदीजवळचा वास

"सविताकाकू, आज पन येतोय बघा," प्रांजल गायनाच्या पुस्तकाआडून पुटपुटली.

वास खरंच होता. आत काहीतरी सडत असल्यासारखा, गोडसर, घशाशी येणारा. मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, सुरू झाली की पुढच्या बाकांवर पसरायचा. दौंडच्या त्या छोट्या चर्चमध्ये लोक श्वास रोखून प्रार्थना म्हणत होते.

सविताबाई साळवे वेदीची सेवा करायच्या. तिथली वस्त्रं धुणं, फुलं, ऊद, सगळं त्यांच्याकडे. त्यांनी नुसती नजर वळवली. पवित्र भाकरीच्या पेटीसमोर नकुशी बसली होती. स्टेशनाबाहेर कोथिंबीर विकणारी म्हातारी, पायाला साखरेच्या आजाराची जखम, वर मळकी पट्टी.

"तिचाच," सविताबाई म्हणाल्या.

मिस्सा संपल्यावर त्या फादरांकडे गेल्या.

"फादर, हे प्रभूचं घर हाय. मागच्या रविवारी एका पोरीला उलटी झाली. अशानं लोकं यायची बंद हुतील."

फादर नवे होते. "पण आजी रोज येतात प्रार्थनेला."

"बाहेर मारियामातेच्या गुंफेपाशी बसू द्या की. तिथं वारा असतो."

फादर अंगावरचं मिस्साचं वस्त्र उतरवायला आत वळले. सविताबाईंना तेवढं पुरलं.

नकुशी अजून पेटीसमोरच होती. त्या तिच्यापाशी गेल्या. "आजी, आता हितं बसायचं न्हाई. बाहेर बसायचं."

नकुशीनं घाईघाईनं पट्टी सोडली. "जखम तर बुजली, बाई. बघा की."

सविताबाईंनी मान फिरवली. "झाका ते. शिसारी येती."

नकुशीनं लुगड्यानं पाय झाकला. उठताना आधाराला तिनं सविताबाईंचा दंड धरला. चेहरा अगदी जवळ आला. ती क्षणभर तशीच थांबली.

"मी कुनाला काय बोलायची न्हाई," ती हलकेच म्हणाली. "तुमच्यासाठी मागते देवापाशी."

"तुमच्यासाठी मागा," म्हणत सविताबाईंनी हात सोडवून घेतला.

मग त्यांनी फिनेल मागवलं. नकुशीची जागा दोन बायकांकडून घासून घेतली. वेदीवर नवी वस्त्रं घातली, निशिगंधाच्या जुड्या ठेवल्या.

पुढच्या रविवारी नकुशी बाहेर उन्हात गुडघे टेकून होती. आत फादरांनी भाकर उंच धरली, घंटी वाजली, सगळ्यांनी माना झुकवल्या. आणि तो वास आला. प्रांजलला ओकारी आली. तिनं रुमाल तोंडात कोंबला.

"काकू, म्हातारी तर बाहेर हाय."

"फरशीत मुरलाय," सविताबाई म्हणाल्या आणि निखाऱ्यांवर उदाची आणखी एक मूठ टाकायला पुढं गेल्या.

दुपारी घरी सुनेनं जेवायला हाक मारली. "आले," म्हणून त्यांनी न्हाणीची कडी लावली, पोलक्याचे हुक काढले, श्वास रोखला आणि डाव्या छातीला चिकटलेलं, पुवानं भिजलेलं फडकं हळूहळू सोलायला घेतलं.