जळक्या टेकडीवरची पालवी

वणव्यात जळालेल्या टेकडीवर द्वारकाबाई रोजच्यासारख्या कोंब खुडायला आल्या, तर एक शहरी पाहुणा पळसाच्या खुंटापाशी कॅमेरा घेऊन पालथा पडलेला.

“बघा मावशी, राखेतून पालवी फुटलीय! निसर्ग हार मानत नाही.”

“फोटो काढलात?” बाईंचा आवाज चढला.

“काढला आणि सगळ्यांना पाठवलाही. हौस आहे मला.”

“मेल्या, जळो तुझी हौस! लोकांनी पाठवलेले फोटो चाळणारं ते सरकारी यंत्र, कुठल्याही फोटोत हिरवं दिसलं की म्हणतं, गाव सावरलं, मदतीचं नळाचं पाणी तोडा. आमच्या विहिरी राखेनं बुजल्यात, ते त्याला दिसत नाही. म्हणून तर पान न् पान खुडतो आम्ही!”

त्याने घाईघाईने फोटो पुसला. “एका फोटोनं काय होणार, मावशी?”

तेवढ्यात खाली गावच्या नळावरचा भोंगा गोड आवाजात म्हणाला, “अभिनंदन! आपलं गाव सावरलं आहे.” पाठोपाठ बायकांचा आरडाओरडा आणि रिकाम्या हंड्यांचा खणखणाट वर आला.

पाहुणा स्वतःच पालवी खुडायला वाकला. बाईंनी त्याचा हात झटकला.

“राहू दे आता. उद्यापासून इथं तेवढंच जगणार आहे.”