रातव्याची मालमत्ता

"गुहा धरायची का?" मूल्यांककाने विचारलं.

"धर ना. त्याच्याच बंगल्याखाली आहे," बायको म्हणाली.

"बंगल्याखाली आहे म्हणून मालकीची होत नाही. कागद दाखवलाय कुठे?"

तिने सतरावा अंक उघडला, पान नऊ. रातव्याचे वडील मरता मरता त्याच्या हातात खरेदीखत ठेवतात, बंगल्यापासून डोंगरापर्यंत सगळ्या जमिनीचं. मूल्यांककाने चित्रातल्या शिक्क्यावर भिंग धरलं आणि गुहा यादीत घेतली. मग ओल असते म्हणून किमतीतून पंधरा टक्के कापले.

"गुहेतल्या ओलीचेही पैसे कापतोस? धन्य आहे तुझी."

रविवारची दुपार होती. जेवणाच्या टेबलावर रातव्याचे बेचाळीसही अंक रचलेले होते. दिवसा अब्जाधीश कारखानदार, रात्री काळे पंख लावून चोरांच्या मागे उडणारा रातवा. मूल्यांककाने आजवर बंद गिरण्यांच्या, हॉटेलांच्या, गंजलेल्या जहाजांच्या किमती काढल्या होत्या. त्याचा नियम एकच, डोळ्यांना दिसेल तेवढंच धरायचं. प्रत्येक मुखपृष्ठावर 'जगातला सर्वांत श्रीमंत माणूस' असं छापलं होतं. ते त्याने विचारातही घेतलं नाही. छापायला काय जातं?

उद्या अकराला सुनावणी होती. समोरच्या कंपनीने लेखी कळवलं होतं की उत्पन्न शून्य, सबब ठरावीक रक्कम घ्यावी आणि प्रकरण मिटवावं. पावतीसुद्धा त्यांनीच तयार करून पाठवली होती, सहीपुरती जागा सोडून. उद्यापर्यंत पुराव्यानिशी दुसरा आकडा उभा राहिला नाही, तर ती सही करावी लागणार होती.

त्याने चिलखती गाड्या बनवणाऱ्या एका कारखानदाराला फोन लावला.

"गोळी लागत नाही, पाण्याखालून चालते आणि छतातून माणूस बाहेर फेकते, अशी गाडी केवढ्याला पडेल?"

"छतातून? कुठे जायचंय त्याला?"

"तो पुढे उडतो."

कारखानदार खो खो हसला. मग रातव्याचं नाव ऐकून म्हणाला, "अहो, आमच्या घरी पण आहे हे खूळ! पुस्तकवाल्यांचा खटला दिसतोय. हक्कांची भांडणं, काय?"

"किती पडेल?" मूल्यांककाने पुन्हा विचारलं आणि आकडा लिहून घेतला.

एरवी तोही हसला असता. पण गेले पाच महिने त्याला काही वाटत नव्हतं, आणि काही वाटत नाही याचंही काही वाटत नव्हतं. आकडे तेवढे बरोबर येत होते.

"एकोणतिसाव्या अंकात दोन गाड्या जातात," बायको म्हणाली. "एक पुलावरून पडते, एक मगर गिळते."

"पाहून सांग."

"पाहायला कशाला हवं? शंभरदा वाचलाय. मोठ्याने."

तेहतिसाव्या अंकात कुणीतरी खलनायकाला पेनाने मिशा काढल्या होत्या. पुरावा खराब झालेला, म्हणून त्याने तो बाजूला सारला. तिने तो उचलून पुन्हा गठ्ठ्यात ठेवला.

चार वाजता वकीलबाईंचा फोन आला.

"हात जोडते, तो अहवाल देऊ नका. अशा प्रकरणांचा तक्ता ठरलेला असतो. तक्त्यात बसेल तेवढंच मिळतं."

"तो तक्ता मी पाहिलाय."

"तुमचं हसं होईल. इतक्या वर्षांचं नाव आहे, उद्या कोण काम देईल तुम्हाला?"

"प्रत्येक आकड्यापुढे अंक आणि पान दिलंय. एक चूक दाखवा, मी स्वतः फाडून टाकतो."

वकीलबाई म्हणाल्या, "याची फी मी घेणार नाही," आणि फोन ठेवला.

राहता राहिला बंगल्यातला म्हातारा नोकर. त्याचा पगार खर्चात धरायला हवा होता.

"तो पगार घेत नाही," बायको म्हणाली.

"फुकट कुणी राबत नसतं. दाखवला नाही म्हणजे दिला नाही, असं होत नाही."

"लहानाचा मोठा केलाय त्याने त्याला! त्याचा कसला पगार लावतोस?" दुपारपासून पहिल्यांदाच तिचा आवाज चढला होता. मूल्यांककाने ती ओळ खोडली. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने पुराव्याशिवाय काहीतरी सोडून दिलं.

बेरीज एकोणीसशे अडतीस कोटींवर थांबली.

"कमी वाटतात," ती म्हणाली.

"गाड्या फोडल्या नसत्या तर दोन हजारांवर गेला असता."

"सांगून ऐकला असता?"

"नसता."

दुसऱ्या दिवशी सुनावणीच्या खोलीत पंखा तेवढा चालू होता. कंपनीच्या वकिलाने चौदा पानी अहवाल चाळला आणि हसू दाबत तो उभा राहिला. "साहेब, रातवा नावाचा माणूसच अस्तित्वात नाही. हे लहान मुलांच्या चित्रकथेतलं पात्र आहे."

अधिकाऱ्याने मूल्यांककाकडे पाहिलं. "तुमचं काय म्हणणं?"

"मान्य आहे, साहेब. आकडे तपासून घ्या."

"मग हा अहवाल जोडलाय कशाला?"

"अर्जात लिहिलंय."

अधिकाऱ्याने चष्मा लावला, मूळ अर्ज पुढे ओढला आणि वाचू लागला. "अपघातातील मृत, अर्जदारांचा मुलगा. वय, सात वर्षं. मोठेपणीचं अपेक्षित उत्पन्न, सोबतच्या अहवालाप्रमाणे. आधार..." इथून पुढे अक्षर बाईचं होतं. तो थांबला, आणि मग आवाज खाली आणून त्याने उरलेली ओळ वाचली. "रोज झोपताना तो स्वतःच सांगायचा, मी मोठा झालो की रातवाच होणार."