टाकी कोणी बांधली

"माझ्या फोटोला हार कोणी घातला रे?"

नगरपालिकेच्या जुन्या फोटोंच्या प्रदर्शनात माजी नगराध्यक्ष आप्पा खरोसेकर काठी टेकत उभे होते. शिपाई गंगारामने जीभ चावली.

"आप्पा, तुम्ही आहात होय अजून! फोटोतले बाकी सगळे गेले, म्हणून सरसकट घातले. काढतो लगेच."

तेवढ्यात माइकवर वकील मुळावकर आले. जन्मभर आप्पांच्या प्रत्येक ठरावाला आडवे गेलेले. मोतीबिंदूच्या डोळ्यांनी त्यांनी फोटोवरचा हार पाहिला आणि फोटोला हात जोडले.

"गावची पाण्याची टाकी आप्पांनीच बांधली. श्रेय मी लाटलं. असा माणूस पुन्हा होणे नाही."

हेच गावाला पटवण्यात आप्पांचं निम्मं आयुष्य गेलं होतं. ते मागच्या खुर्चीत हळूच टेकले.

"काढू ना हार?" गंगारामने विचारलं.

"थांब. आत्ता कुठे खरं बोलतोय तो. जिवंत दिसलो तर शब्द फिरवेल."

"मग उठा, आप्पा. तुमच्यासाठी दोन मिनिटं शांतता पाळायचीय."

आप्पांनी दुखरे गुडघे चोळले.

"मला बसू दे रे बाबा. निदान मेल्यावर तरी."