आमच्यात तसं कुणी न्हाय

"आमच्यात तसं कुणी न्हाय हो, आमी नुसती मदत करतो," असं म्हटलं की शेंगाचटणी पटापट खपते, हे श्रीदेवीला सकाळीच कळून चुकलं होतं.

शुक्रवार पेठेत, बंद दुकानाच्या पायरीपुढं तिनं आणि शेजारच्या रेश्मानं टेबल मांडलं होतं. दोघी लेकुरवाळ्या, संसारी. पदयात्रेच्या खर्चासाठी घरी कुटलेली चटणी आणि कडक भाकरी विकायला बसलेल्या. मागच्या रंगीत कापडावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'समलिंगी मुलामुलींच्या हक्कांसाठी पदयात्रा'. गिऱ्हाईक ते वाचायचं आणि हात आखडता घ्यायचं. मग श्रीदेवी हसून ते वाक्य टाकायची. गिऱ्हाईकाचा जीव भांड्यात पडायचा, वर एखादी पुडी जास्तच जायची.

पायरीवर बसून अभिमन्यू पुड्या बांधत होता. ज्यांच्यासाठी हा खटाटोप, त्यांच्यातला तो एक. वाक्य त्याच्या कानावर पडतच होतं. पहिल्यांदा तो हसलाही होता, तेव्हा त्याला चालतंय असं श्रीदेवीनं धरून टाकलं. सोयीचं असलं की माणूस लवकर धरून टाकतो.

दुपारी एक म्हातारे गृहस्थ आले. चटणीकडं त्यांनी बघितलंच नाही. कापडावरची अक्षरं एकेक करून वाचली.

"ताई, तुमच्यात कुणी तसं हाय का?"

"न्हाय हो काका," श्रीदेवीची जीभ सरावली होती. "आमी आपली साधी माणसं. नुसती मदत करतो."

"कुणीच न्हाय?" त्यांचा चेहरा पडला. "बरं. जातो मग."

"का हो? काय पायजे होतं?"

त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "मी जोतिराम. करकंब गावचा. माझा युवराज तसा होता. पुण्याला असायचा. औंदा त्यानं जिवाचं बरंवाईट करून घेतलं. त्याचं मी कदी ऐकूनच घेतलं न्हाय. म्हटलं, त्याच्यासारखं कुणी भेटलं तर घटकाभर जवळ बसावं. काय सांगायचं असतंय या पोरांना, ते आता तरी ऐकावं."

श्रीदेवीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मागं वळून अभिमन्यूला हाक मारायचंही तिला तोंड उरलं नव्हतं. रेश्मा खाली मान घालून उगाच भाकऱ्या सारख्या करत राहिली.

"मी हाय काका," मागून अभिमन्यू म्हणाला. "या, बसा हितं."

जोतिराम त्याच्याशेजारी पायरीवर टेकले. करकंबपासून मनात जुळवत आणलेलं सगळं त्याला बघताच विसरले असावेत.

"घरी जातोस का रं?"

"न्हाय. वडील येऊ देत न्हाईत."

"फोन तरी?"

"मी करतो. ते उचलत न्हाईत."

जोतिरामांनी खिशातून आपला फोन काढला. "नंबर सांग त्यांचा."

"नको काका. लई बोलतील तुमाला."

"बोलू दे की."

"तुमी कशाला ऐकून घ्यायचं? त्यांचं मन न्हाय वळायचं."

"मीबी उचलत नव्हतो," जोतिराम म्हणाले. "सांग."