चहानंतरचं माप

"मिलिमीटरच्या चार शतांशांनी जाड. रिजेक्ट." इन्स्पेक्टर कुलथ्यांनी हातमोजे घातलेल्या हातातला पिस्टन ट्रेमध्ये ठेवला.

एप्रिलपासून हा चौथा लॉट. तिसरा परत आला तेव्हा पिस्टन बनवणाऱ्या कारखानदार लांडगेबाईंनी चिडून माल द्यायचाच बंद केला होता. पण पिस्टनवाचून ट्रकची सत्तर इंजिनं अडली, ट्रक कंपनीच्या मॅनेजरांनी फोनवर गळ घातली, म्हणून आज भर दुपारी त्या स्वतः टेम्पोत बसून भोसरीहून आल्या होत्या.

बाईंनी भांडायच्या तयारीनं पिस्टन उचलला. बोटांना चटका बसला. तो खाली ठेवून त्यांनी खुर्ची ओढली.

"चहा मागवा."

"बाई, लाइन थांबलीय."

"माझीही थांबलीय. मागवा."

पंख्याखाली दोघांचे दोन-दोन कप झाले. मग बाईंनी तोच पिस्टन पुढे सरकवला. "आता मोजा. आणि ते हातमोजे काढा."

कुलथ्यांनी मोजला. पुन्हा मोजला. माप बरोब्बर होतं.

"टेम्पोत उन्हानं तापून फुगला होता, हातमोज्यांमुळे तुम्हाला कळलं नाही," बाई हसत म्हणाल्या. "मागच्या तिन्ही वेळी माझ्या ड्रायव्हरला चहा विचारला असता, तर ही वेळच आली नसती."