बाबांची बादली

छपराच्या पन्हळीतून धूर निघताना पाहून बाबा बादली घेऊन धावले. “अहो बाबा, आग नाही ती!” ड्रेनेज खात्यातली लेक फाटकातून ओरडली. “आम्हीच मॅनहोलमध्ये धूर सोडलाय. ज्याच्या पन्हळीतून निघेल, त्याचं पावसाचं पाणी सांडपाण्याच्या गटारात जातंय.” “जातंय म्हणजे? मीच जोडलाय पाइप, सहा वर्षं झाली! एवढं स्वच्छ पाणी, गटार धुऊन निघतं फुकटात.” “धुऊन कसलं, तुंबतं! मग खालच्या गल्लीत न्हाणीघरांतून मैला वर येतो.” खालच्या गल्लीत लेकीचंच घर होतं. दर पावसात हीच बादली घेऊन बाबा तिथे धावायचे, घाण उपसता उपसता हे पाप करणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. लेकीने नोटीस पुढे केली. बाबांनी धुराकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं, मग चाचरत लेकीला विचारलं, “म्हणजे गं, त्या सात पिढ्यांत तूही आलीस?”